वरून तिसरं बटण

सोमवार, ४ तारीख. दुपार

दादास,

साष्टांग नमस्कार. कागदावरच घालतो. कमरेखालच्या हाडांवर भरवसा ठेवावा असे सध्या आपल्या घराण्याचे दिवस नाहीत.

हे पत्र तक्रारीचं आहे, तेव्हा बसून वाच. माझ्या गेल्या वाढदिवसाला तू पाठवलेल्या निळ्या चौकडीच्या शर्टाचं वरून तिसरं बटण आज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये तुटलं. तुटलं म्हणजे ओढाताण झाली, कुणी गळपट्टी धरली, असं काही नाही. लिफ्ट थांबली, मी श्वास सोडला आणि बटणाने संन्यास घेतला. ते घरंगळत एका स्ट्रेचरखाली गेलं. स्ट्रेचरवर माणूस होता, त्यामुळे 'जरा सरकता का' असंही म्हणता येईना. शेवटी ढकलणाऱ्या वॉर्डबॉयने ते बुटाच्या टोकाने माझ्याकडे सारलं. आता बटण खिशात आहे, आणि मी छातीशी फाइल कवटाळून बसलो आहे. समोरच्या बाकावरचे लोक माझ्याकडे करुणेने पाहताहेत. त्यांना वाटतं, फाइलीत काहीतरी भयंकर आहे. फाइलीमागे बनियन आहे.

एवढं तुझं तीन मजली दुकान, सरकता जिना, काचेत उभे केलेले बिनडोक्याचे पुतळे. आणि बटण दोन टाक्यांवर लटकवलेलं! चार भोकांना दोन टाके म्हणजे चार मुलांपैकी दोघांनाच जेवायला वाढण्यासारखं झालं. बाबांच्या नजरेला हे पडलं असतं तर मग मला घरात घेतलं नसतं. पण सुदैवाने सकाळी त्यांचा चष्मा सिस्टरांनी काढून ठेवला होता. आता तर ते आत ऑपरेशनच्या टेबलावर आहेत. दारावरचा लाल दिवा लागलेला आहे, आणि मला बटणाखेरीज दुसऱ्या कशाचाही विचार करायचा नाही.

हिने वहिनींना फोनवर सांगितलं असेलच, तरी व्याकरणशुद्ध वृत्त असं: शनिवारी बाबा पंख्याची पाती पुसायला स्टुलावर चढले. पंखा आता लख्ख आहे. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. 'मोडेन पण वाकणार नाही' हे त्यांचं ब्रीद. त्यातला पूर्वार्ध त्यांनी एकदाचा करून दाखवला.

फोन का केला नाही, असं विचारशील. आपण दोघं फोनवर आलो की तू 'बरं' म्हणतोस, मी 'बरं' म्हणतो, आणि बरं काहीच नसताना फोन ठेवतो. कुरिअरवाला इथे फाटकासमोरच बसतो. आज दिलेलं उद्या तुझ्या टेबलावर.

हाडांचे डॉक्टर वयाने माझ्या विद्यार्थ्यासारखे आहेत. सहीसाठी मला बोलावून म्हणाले, "ह्या वयात भूल म्हणजे जोखीम असतेच. पण हाड तसंच ठेवलं तर माणूस अंथरुणाला खिळतो."

"निकाल साधारण कसा लागतो?"

"चांगला लागतो."

"म्हणजे पहिला वर्ग, की नुसतंच उत्तीर्ण?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "सर, तुम्ही शिक्षक का?"

आत नेताना बाबांनी मला खूण करून जवळ बोलावलं. मी कान त्यांच्या तोंडापाशी नेला. म्हटलं, आता काही निर्वाणीचं ऐकावं लागणार. ते म्हणाले, "डॉक्टरच्या कोटाची बाही आखूड आहे. चष्मा नसताना दिसतंय मला. असा माणूस आत काय कापणार?"

"आत वेगळा कोट घालतात, बाबा."

"तोही ह्याच्याच मापाचा असेल की!"

तुझा विषय निघाला नाही. तू रेडिमेडच्या धंद्यात पडल्यापासून बाबा तुला 'ते दुकानदार' म्हणतात, हे तुला ठाऊक आहे. तू पाठवतोस ते शर्ट मी शब्दकोशांच्या मागे दडवून ठेवतो. त्या कपाटाला आमच्या घरात दुसरं कुणी हात लावत नाही. शनिवारपासून घरात कपडे धुवायला कुणाला सवड झाली नाही, म्हणून हा निळा आज बाहेर पडला आणि पहिल्याच दिवशी उघडा पडला.

दिवा अजून लाल आहे. बटणाचं काय करतोस ते कळव.

धाकटा


बुधवार, ६ तारीख

दादास,

ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टरांनी हाडाचा फोटो उजेडापुढे धरून इतक्या कौतुकाने दाखवला, की मला वाटलं आता त्याची चौकट करून भिंतीवर लावणार. हाडात धातूचा गोळा आणि दांडा बसवला आहे. "काय बसलंय बघा!" ते म्हणाले. बाबांकडे त्यांनी नंतर पाहिलं.

वॉर्ड मोठा आहे, खिडकीबाहेर एक जिना आणि पाण्याची टाकी दिसते. आमच्या संस्कृतात दिशा दहा. हॉस्पिटलात एकच, 'तिकडे'. औषध कुठे मिळतं, तिकडे. एक्स-रे कुठे, तिकडे. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त स्टेशनमास्तर आहेत. त्यांनी दोन्ही गुडघे नवे बसवून घेतले आहेत, म्हणून सगळा वॉर्ड त्यांना गुडघेकाका म्हणतो. गुडघा किती वाकला ह्याची बातमी ते दर तासाला, गाडी आल्यासारखी जाहीर करतात. बाबांचं वाकणं न वाकणं हाच मुळी तत्त्वाचा प्रश्न असल्याने दोघांचं अजून जमलेलं नाही.

काल सकाळी मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "आजोबा चादर चिवडतायत. कधीपासून?"

"अहो, चिवडत नाहीत, शिवतायत. बघा ना, उजव्या चिमटीत सुई आहे आणि डावा हात कापड पुढे सारतोय."

"सुई कुठाय?"

"सुई नाही."

"दोरा?"

"तोही नाही."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "आमचे वडील पन्नास वर्षं शिंपी होते. घरी टीव्ही बघतानासुद्धा त्यांची बोटं अशीच चालतात."

मग डॉक्टर आले. बाबा त्यांना म्हणाले, "हात वर करा." तो भला माणूस मुकाट हात वर करून उभा राहिला. बाबांनी पडल्यापडल्या वितीने छाती मोजली, पोट मोजलं, आणि मान हलवली. "पोट छातीच्या पुढे गेलंय. कोटात किती लपवणार?" मागे उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरांनी एकदम खोकला काढला.

"हे असं नेहमी करतात?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"नेहमी," मी म्हणालो. "मला बघायला मुलीकडची मंडळी आली होती, तेव्हा माझ्या सासऱ्यांचंही घेतलं होतं."

डॉक्टर हसले, सिस्टरांना म्हणाले, "स्वभाव आहे त्यांचा." सगळे निर्धास्त झाले. मीही झालो.

दुपारी बाबांची नजर माझ्यावर आली. चष्मा आता नाकावर होता. नजर चेहऱ्यावर थांबलीच नाही. ती गळपट्टीवरून शिवणीशिवणीने खाली उतरत, जिथे बटण नव्हतं तिथे येऊन थबकली.

"दादा," ते म्हणाले. "आलास?"

मी मागे वळून पाहिलं. मागे सलाइनचा खांब होता.

"बाबा, मी आहे."

"दिसतंय की. रेडिमेड घालूनच आलास. धाकट्याने जन्मात असलं अंगाला लावलं नाही."

ह्यात तर्काच्या दृष्टीने दोष काढता येत नाही. जिथे धूर तिथे अग्नी, जिथे रेडिमेड तिथे दादा. माणसाचा चेहरा पाहून त्याला ओळखणं ही इतरांची रीत. शिंप्याच्या लेखी चेहरा हा गळपट्टीच्या वर उरलेला भाग असतो. मी त्यांना समजावत होतो तेवढ्यात त्यांचा डोळा लागला. औषधांची गुंगी असणार. उद्या उतरेल.

पायजमे दोन लागतील. नाडीचे. इलॅस्टिकचे पाठवलेस तर ते दुसऱ्या पायाचंही हाड मोडून घेतील.

धाकटा


शनिवार, ९ तारीख

दादास,

पायजमे मिळाले. पत्रही मिळालं, असं मनाच्या मोठेपणाने म्हणतो. पार्सलच्या पुठ्ठ्यावर एक ओळ: 'त्यांनी स्वतः नाव घेऊन बोलावलं तर येईन.' आमच्या सूत्रकारांना हेवा वाटावा इतका आटोपशीर आहेस. सूत्र आलं की त्यावर भाष्य आलंच, म्हणून हा कागद.

ते तुला बोलावतात. उठल्यापासून बोलावतात. "दादा, पाणी." "दादा, उशी." "दादा, ह्या बाईंना विचार माझी कात्री कुठे नेली." नाव तुझं आणि धावपळ माझी. आयुष्यात पहिल्यांदाच तू घरात इतका उपयोगी पडतो आहेस.

मी बुधवारी लिहिलं होतं, गुंगी उतरेल. ती उतरली नाही. 'स्वभाव आहे' असं मीच सांगून ठेवल्यामुळे कुणी फार लक्ष दिलं नाही. गुरुवारी बाबांनी सलाइनची नळी हातावर मोजली, "इथून कापा" म्हणाले, आणि कात्री मिळेना म्हणून दात लावले. तेव्हा सिस्टर धावल्या. डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन समजावलं. म्हातारपणी मोठ्या ऑपरेशननंतर असा भ्रम होतो. भूल, दुखणं, औषधं, झोपमोड, परकी जागा, सगळं मिळून. बहुतेकांचा ओसरतो, कुणाला थोडे दिवस लागतात, कुणाला काही महिने.

"आणि राहिलेल्यांचा?"

"हाड मात्र फर्स्ट क्लास बसलंय, सर."

त्यांनी उपाय सांगितले. घड्याळ दिसू द्या, वार सांगत जा, ओळखीची माणसं आणि वस्तू जवळ ठेवा. भ्रमात हो ला हो करू नका, पण वादही घालू नका. होकारही नाही आणि वादही नाही! माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, हे मला जमण्यासारखं होतं. मी सांगून पाहिलं, "बाबा, मी दादा नाही, धाकटा आहे." ते म्हणाले, "तुझी ही जुनी खोड. काही झालं की धाकट्याचं नाव पुढे करायचं." हे मात्र खरं आहे.

मग मोह झाला. आपल्या पाठीमागे आपल्याविषयी काय बोलतात, हे समोर बसून ऐकायची संधी किती जणांना मिळते? मी विचारलं, "धाकटा कसा आहे, बाबा?"

"चांगला आहे. पण काजाचं आणि बटणाचं अंतर त्याला कळत नाही. संस्कृत शिकवतो. ज्यांना येत होतं ते मेले, ज्यांना येत नाही ते पास होतात."

"घर नीट चालवतो ना?"

"तो कुठला चालवतोय! सूनबाई आहे म्हणून चाललंय."

ही नेमकी त्याच क्षणी डबा घेऊन आत आली. तेव्हापासून हिच्या मते बाबांचा भ्रम साफ गेलेला आहे.

चालण्याचंही सांगतो. व्यायाम करवून घेणारी मुलगी रोज चौपायी घोडा घेऊन येते, त्याला धरून उभं राहायचं. तिने आर्जवं केली, गुडघेकाकांनी आपले गुडघे वाकवून दाखवले, बाबा ढिम्म. "मी शिंपी आहे. बसूनच जन्म काढला. आता कशाला उभं करता?" ती रडकुंडीला आली. मी सहज म्हणालो, "बाबा, दारापर्यंत या, मला तुमची चाल बघू दे." त्यांनी माझ्याकडे, म्हणजे तुझ्याकडे, पाहिलं. मग घोडा धरला. दातओठ खात उठले. एक पाऊल, घोडा, एक पाऊल, घोडा, असे दारापर्यंत आले आणि म्हणाले, "बघ. कुणाला वाटायला नको, बाप खुर्चीला खिळला." वॉर्डाने टाळ्या वाजवल्या. गुडघेकाका मला म्हणाले, "तुम्ही थोरले चिरंजीव ना? फार गुणी हो!" मी धाकटा आहे हे सांगून त्यांच्या नव्या गुडघ्यांना धक्का द्यावासा वाटला नाही.

परत खाटेवर बसल्यावर, धाप लागलेली असतानाच, त्यांनी विचारलं, "दुकान मोठं आहे म्हणे तुझं."

"आहे," मी तुझ्या वतीने म्हणालो.

"गिऱ्हाइकाचं माप घेतोस?"

"मापं आधीच ठरलेली असतात, बाबा. लहान, मध्यम, मोठं."

"माणसं बसतात त्यात?"

"बसवून घेतात."

बराच वेळ ते चादरीची कड दुमडत राहिले. मग म्हणाले, "काजं तरी हाताने करून घेत जा."

दादा, शब्दाला ताणून अर्थ काढू नये हे मी पोरांना शिकवतो. पण तूही त्याच घरात वाढलास. आपल्याकडे क्षमा ह्यापेक्षा मोठ्या आवाजात कधी झालेली नाही. आता तू ये. मला तुझा अभिनय फार दिवस झेपणार नाही. तुझ्यासारखं भुवई उडवून गप्प बसताना माझी मान आखडते.

पायजम्यांची शिवण बाबांनी तपासली. "बरी आहे," म्हणाले. मग दोन्ही उलटे करून ठेवले, ते तसेच आहेत.

धाकटा


सोमवार, ११ तारीख

दादास,

आजची तक्रार हिच्याविरुद्ध. कोशांमागचे तुझे सगळे शर्ट हिने काल एकदम भिजत घातले. सकाळी दोरीवर तू ओळीने ठिबकत होतास आणि मला घालायला कपाटात बाबांनी शिवलेला पांढरा तेवढा कोरडा. मनात म्हटलं, हेही बरंच झालं. हा शर्ट त्यांच्या हातचा. हा पाहिला की आपोआप ओळख पटेल. ओळखीच्या वस्तू दाखवा, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

मी खाटेपाशी गेलो. बाबा वर्तमानपत्र वाचत होते. तारीख बरोबर सांगितली, वार बरोबर सांगितला. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"कोण आपण?"

आपण! बाबांनी मला जन्मात 'तू'च्या वर चढवलं नव्हतं.

"बाबा, मी."

"हा शर्ट कुणाचा?"

"माझा."

"खोटं बोलू नका. हा मी शिवलाय." त्यांनी गुडघेकाकांना हाक मारली, "मास्तर, इकडे बघा. ह्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा उतरता बेतलाय. का? तर माझ्या धाकट्या मुलाचा डावा खांदा उतरलेला आहे. लहानपणापासून त्या खांद्याला पुस्तकांची पिशवी. लोकांना दिसू नये म्हणून मी आतून एक पट्टी घालतो. त्यालासुद्धा माहीत नाही." मग माझ्याकडे वळून, "तुम्हांला कुठे मिळाला? काढा आधी."

खरंच मला माहीत नव्हतं, दादा. मी इतकी वर्षं आरशात सरळ माणूस पाहत आलो.

गुडघेकाकांनी तत्परतेने घंटी दाबली. त्यांना पहिल्या दिवसापासून मी निळ्या चौकडीतच ठाऊक. त्यांनाही वाटलं, हा थोरला नव्हे, भलताच कुणी. रखवालदार आला. त्याने एकदा बाबांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि अदबीने विचारलं, "साहेब, शर्टाचा काही पुरावा आहे?"

"खांदा आहे," मी म्हणालो.

तो बिचारा पुढे काय विचारणार? मोठ्या सिस्टर आल्या म्हणून सुटलो. बाबांना लागलेली धाप बघून मीच बाहेर पडलो, घरी गेलो, दोरीवरचा तुझा निळा शर्ट ओलाच अंगात घातला आणि परत आलो. चालताना पाठीला थंड लागत होता. वॉर्डात बाबांचा चेहरा उजळला.

"दादा, बरं झालं आलास. आत्ता इथे एक चोर आला होता."

"कसा होता?"

"माणूस वाईट नव्हता वाटत. बोलायला सभ्य. पण शर्ट धाकट्याचा."

मी विचारलं, "आणि त्याला तो बसत कसा होता?"

"अगदी बरोबर," बाबा म्हणाले. "तेच मला नवल वाटतंय."

ह्यावर हीही हसली, मीही हसलो. गुडघेकाका तर अजून हसताहेत. प्रत्येक नव्या माणसाला गोष्ट सांगतात आणि शेवटी माझा खांदा दाखवतात. बाकी विशेष काही नाही. कपडे वाळत आहेत. तुझं उत्तर नाही.

धाकटा


गुरुवार, १४ तारीख

दादास,

निकाल लागला. डॉक्टरांनी आज सकाळी जखमेचे टाके काढले. जखम कोरडी, ताप नाही, पायाची लांबी सारखी, घोडा धरून लिफ्टपर्यंत जाऊन येतात. "इतका चांगला रिझल्ट ह्या वयात क्वचित मिळतो," असं ते स्वतःच्या तोंडाने म्हणाले, आणि बाबांनी त्यांना कोटाची बाही किती सोडायची ते समजावून सांगितलं. परवा घरी सोडणार.

भ्रमही ओसरला, असं कागदावर लिहिलं आहे. चादर शिवणं थांबलं. नळ्या सोडून दिल्या. सिस्टरांना त्यांच्या ड्यूटीवरून ओळखतात. हिला विचारतात, "सूनबाई, दूधवाला खाडे करत नाही ना?" घर कुठल्या गल्लीत, आई कुठल्या साली गेली, सगळं बरोबर. गुडघेकाकांशी तर गट्टी जमली. ते काल घरी गेले, जाताना बाबांनी त्यांच्या विजारीचे गुडघे तपासून दिले. एकच विषय राहिला आहे. डॉक्टर म्हणाले, "कधी कधी एखादा धागा मागे राहतो. वाट बघायची." तो धागा तेवढा मी आहे. मी रोज निळा शर्ट घालून जातो. ते रोज मला दादा म्हणतात.

आज त्यांनी बटण मागितलं. "खिशात घेऊन हिंडतोयस इतके दिवस, दे इकडे." सिस्टरांनी आजवर सुई हाती लागू दिली नव्हती, आज त्यांनीच आपल्या पर्समधली आणून दिली आणि जवळ उभ्या राहिल्या. मी शर्ट काढायला लागलो तर म्हणाले, "राहू दे अंगावर. ये, वाक."

त्यांनी पहिल्याच फटक्यात दोरा ओवला. चारी भोकांतून टाके घातले, खाली दोऱ्याचे वेढे देऊन बटणाला मान केली, जशी आपल्या लहानपणी करत. मग दोरा तोडायला माझ्या छातीपाशी वाकले. त्यांचं टक्कल मला इतक्या जवळून कधी दिसलं नव्हतं. दातांनी दोरा तोडला, आणि डोकं तसंच ठेवून, सिस्टरांना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले,

"दादा, धाकटा रागावलाय का रे माझ्यावर?"

"का हो, बाबा?"

"मी इतके दिवस इथे पडलोय. एकदासुद्धा बघायला आला नाही."

मी म्हणालो, "परीक्षा चालू असतील."

"असतील." त्यांनी बटणावरून अंगठा फिरवला. "तू भेटशील तेव्हा सांग. म्हणावं, शर्ट चोरीला गेला म्हणून तोंड चुकवू नकोस. दुसरा शिवून देईन. नुसता ये."

दादा, आता थट्टा पुरे. मी घाबरलो आहे. सगळे त्यांना परत मिळाले आणि मी मिळालो नाही. ऑपरेशनच्या दिवशी मला वाटलं होतं की ते जातील. हे माझ्या मनात आलं नव्हतं, की ते राहतील आणि त्यांच्या लेखी मीच गेलेला असेन. परवा ते घरी येतील. मी रोज त्यांच्या शेजारी बसून जेवेन, आणि ते दाराकडे बघत धाकट्याची वाट पाहतील.

तुझ्या जागी मी उभा आहे, म्हणून माझी जागा त्यांना रिकामी दिसते. तू येऊन तुझ्या जागी उभा राहा. मग शेजारी जो उरेल तो कोण, हे त्यांना ओळखता येईल, असं मला वाटतं. मी पांढरा शर्ट घालून उभा राहीन.

आणि तरीही त्यांनी ओळखलं नाही, तर त्या वेळी मला तिथे एकटं असायचं नाही.

धाकटा